ऑटिझमसाठी ब्रेन स्टिम्युलेशन घ्यावं का? एका २९ वर्षांच्या तरुणाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय २९, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. ऑटिझमचं निदान दोन वर्षांपूर्वी झालं. काम चोख होतं, पण टीममधले लोक जे बोलतात आणि त्यांना जे म्हणायचं असतं, त्याचा मेळ लागत नाही. एका क्लिनिकमध्ये तुम्हाला सांगितलं की ब्रेन स्टिम्युलेशनची ३० सेशन घेतली की 'सोशल ब्रेन' सुधारतो. आईचं म्हणणं, घेऊन टाक, सुईसुद्धा टोचत नाहीत. आणि तुम्ही मला विचारलंय: याने मला माणसांकडून शिकणं सोपं जाईल का?

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, अठरा वर्षं झाली. नैराश्याच्या पेशंटना टीएमएस, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने मेंदूला चालना देणारा उपचार, देते, आणि ऑटिस्टिक प्रौढांचा एक छोटा गट दर शनिवारी आमच्याकडे जमतो. म्हणून मशीनही जवळून बघितलंय आणि तुम्ही म्हणता ती अडचणही. तुम्ही आडवळणाने सांगितलेलं आवडत नाही असं लिहिलंय, तेव्हा सरळ सांगते. ऑटिझमसाठी म्हणून पैसे भरून ही सेशन आज घेऊ नका. नैराश्य असेल तर टीएमएसचा विचार जरूर करा, तो वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल शेवटी लिहिते. रीतसर नोंदणी झालेल्या अभ्यासात भाग घ्यायचा असेल तर तोही चांगला मार्ग आहे. आता याची कारणं.

'ब्रेन स्टिम्युलेशन' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. क्लिनिकने तुम्हाला कुठली सांगितली ते तुमच्या पत्रात नाही, त्यामुळे दोन्ही सांगते.

पहिली टीएमएस. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवली. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडतात, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते कवटीतून विनाअडथळा आत जातं आणि दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंतच्या चेतापेशींना प्रत्यक्ष पेटवतं, म्हणजे संदेश पाठवायला लावतं. प्रत्यक्ष म्हणते, कारण ते डोळ्यांनी दिसतं. पहिल्या दिवशी आम्ही कॉइल हाताच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर ठेवतो आणि पेशंटचा अंगठा बघत राहतो. किती ताकदीला अंगठा टुणकन उडतो, त्यावरून त्या माणसाचा डोस ठरतो. आपण काहीही न करता आपला अंगठा हलला, हे पहिल्यांदा बघताना बहुतेक जण एकदम गप्प होतात.

दुसरी टीडीसीएस. हिला बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र पुरतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर पट्ट्याने बांधायचे आणि वीसेक मिनिटं एक ते दोन मिलिअँपिअर इतका बारीक प्रवाह सोडायचा. यातला बराचसा कातडीतूनच निघून जातो. आत पोचतो तेवढ्याने पेशी पेटत नाहीत, फक्त पेटायला किंचित जास्त तयार होतात. म्हणजे त्या वेळी तो भाग मुळात काही काम करत असेल, तर त्या कामाला थोडा जोर मिळतो. माणूस नुसता छताकडे बघत बसला असेल, तर जोर मिळायचा कशाला? तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, म्हणून हे लक्षात ठेवा.

आता शिकण्याकडे येऊ. माणसांकडून शिकणं म्हणजे आत नेमकं काय होतं? आपण काही बोलतो, समोरचा कसा वागेल याचा मनात अंदाज असतो, तो वेगळंच वागतो, आणि त्या फरकावरून पुढचा अंदाज सुधारतो. सायकल शिकतानाही हेच होतं. पण सायकल लगेच पाडते. माणसं पाडत नाहीत, नुसती हसतात, विषय बदलतात, आणि तीन आठवड्यांनी लक्षात येतं की आपल्याला चहाला बोलावणं बंद झालंय. चूक कुठल्या वाक्यात झाली ते कोणी सांगत नाही. रिबेका लॉसन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली लंडनमधल्या ऑटिस्टिक प्रौढांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं की अवतीभवतीचे नियम जेवढे बदलत असतात, त्यापेक्षा जास्त बदलताहेत असं त्यांचा मेंदू धरून चालतो. त्यामुळे खरोखर अनपेक्षित गोष्ट आणि नेहमीची किरकोळ चढउतार यांतला फरक फिका पडतो. तो अभ्यास माणसांबद्दलचा नव्हता, चित्रं आणि आवाज यांचा होता. तरी माझ्या शनिवारच्या गटात मी हेच बघते. एकदा चुकलं की 'या प्रसंगी हे चुकलं' असं राहत नाही, 'माणसांचं काही सांगता येत नाही' असं होऊन बसतं.

गटातला एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. एका सभासदाने ऑफिसातल्या मित्राला विचारलं, रविवारी राजमाचीला येतोस का? मित्र म्हणाला, "बघू." याने दोघांची तयारी केली, दोघांचे डबे घेतले, सकाळी सहाला लोणावळ्याला जाऊन उभा राहिला. मित्र आला नाही. याने सोमवारी सगळ्यांसमोर जाब विचारला आणि मैत्री तुटली. शनिवारी आम्ही 'बघू' हा एकच शब्द फळ्यावर लिहून पाऊण तास त्यावर बोललो. कोणी कधी 'बघू' म्हटलं, पुढे काय झालं, प्रत्येकाने एकेक प्रसंग सांगितला. शेवटी गटातल्याच एका मुलीने नियम काढला: "बघूनंतर वेळ किंवा जागा विचारली तर कदाचित हो. काहीच विचारलं नाही तर ते नाही आहे, फक्त आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हटलंय." मला स्वतःला तो इतक्या स्वच्छ शब्दांत कधी मांडता आला नसता. पुढच्या आठवड्यात तिघांनी तो वापरून बघितला आणि दोघांचा अंदाज बरोबर ठरला. तिसऱ्याचं चुकलं, पण त्याला कुठे चुकलं ते कळलं.

शिकणं म्हणतात ते हे. उत्तर लगेच मिळालं, स्पष्ट मिळालं, अपमान न होता मिळालं, आणि पुन्हा करून बघता आलं. मराठीत तर अशी ठिकाणं पावलोपावली आहेत. 'जेवण झालं का' या प्रश्नाला जेवणाची माहिती नको असते. 'या एकदा घरी' हे आमंत्रण असेलच असं नाही. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर कधी यायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं, आणि एक दिवस आधी आलं तर उद्धट, वर्षभर आलंच नाही तर तुटक. अमेरिकेत एलिझाबेथ लॉगसन यांनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात पीअर्स नावाचा अभ्यासक्रम बांधला. तरुणांसाठी तो १६ आठवड्यांचा असतो, आणि सोबत घरचं कोणीतरी किंवा एखादी जवळची व्यक्ती 'कोच' म्हणून शिकते. सामाजिक कौशल्यांच्या कार्यक्रमांत त्याचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे. त्यातली रचना आम्ही घेतो, पण प्रसंग सगळे इथलेच घालावे लागतात.

मग यात मशीन कुठे बसतं? कल्पना अशी: उजव्या कानाच्या वर-मागे मेंदूचा एक भाग आहे, जो 'माझं काय आणि समोरच्याचं काय' हे वेगळं ठेवायच्या कामात गुंतलेला असतो. २०१२ साली लंडनला इडालमिस सान्तिएस्तेबान आणि सहकाऱ्यांनी त्या भागावर टीडीसीएस दिलं, तेव्हा लोकांना दुसऱ्याच्या जागेवरून बघणं आणि समोरच्याची नकळत होणारी नक्कल आवरणं या दोन्ही गोष्टी जास्त चांगल्या जमल्या. अभ्यास सुंदर आहे. पण ते लोक ऑटिस्टिक नव्हते, आणि परिणाम मोजला तो त्याच भेटीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या कामात. तिथून तुमच्या ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंतचं अंतर बरंच मोठं आहे.

ऑटिस्टिक प्रौढांवरचा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रयोग मेलबर्नचा, पीटर एन्टिकॉट यांचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. २८ माणसं. साधारण निम्म्यांना खरी टीएमएस, बाकीच्यांना खोटी, म्हणजे कॉइल तसंच, आवाज तसाच, पण मेंदूपर्यंत काही पोचत नाही. दोन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज एक, अशी दहा सेशन. महिन्याभराने विचारलं तेव्हा खरी टीएमएस मिळालेल्यांनी सांगितलं की लोकांशी जुळवून घेण्यातला त्रास कमी झालाय, आणि भावनिक, अवघड प्रसंगांत होणारी घालमेलही उतरलीय. पण समोरच्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचण्या घेतल्या, त्यांत फरक शून्य.

हा निकाल मी अनेकदा वाचला आहे, आणि दर वेळी मला त्यात आशेची जागा दिसते. क्लिनिकवाले सांगतात ती मात्र नव्हे. माणसांना वाचण्याची क्षमता वाढली नाही, पण माणसांमध्ये असताना होणारी घालमेल कमी झाली. घालमेल कमी झाली तर माणूस दहा मिनिटं जास्त थांबतो, आणखी एक प्रश्न विचारतो, चुकला तर पळून जात नाही. अशा वेळी जवळ शिकायची सोय असेल तर शिकणं होऊ शकेल. नसेल तर ती दहा मिनिटं तशीच जातात. म्हणून मला वाटतं, पुढेमागे यातून काही उपयोगाचं निघालंच, तर ते मशीन आणि माणसं एकत्र ठेवूनच निघेल. हा माझा अंदाज आहे. हा पुरावा आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही.

बाकीचं चित्र संमिश्र आहे. टोरांटोला स्टेफनी अमीस यांच्या गटाने १६ ते ३५ वयाच्या ४० ऑटिस्टिक लोकांना चार आठवडे टीएमएस दिली. उद्देश वेगळा होता, कामांचं नियोजन आणि स्मरण सुधारणं. २०२० साली निकाल आला: खऱ्या आणि खोट्या गटांत फरक नाही. दोन्ही गट थोडे सुधारले होते. यावर घटकाभर थांबा. रोज तयार होऊन जायचं, कोणीतरी आस्थेने चौकशी करतं, घरचे आशेने बघतात, एवढ्यानेही माणसाला बरं वाटतं. खोटा गट न ठेवता कोणी तुम्हाला 'आमच्याकडे ८० टक्के पेशंटना फरक पडला' असं सांगत असेल, तर तो आकडा खरा असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही. २०१९ साली या क्षेत्रातल्याच संशोधकांनी, एन्टिकॉट धरून, एकत्र येऊन निवेदन काढलं की संशोधनाबाहेर ऑटिझमसाठी टीएमएस वापरावी एवढा पुरावा अजून जमलेला नाही. त्यानंतर एन्टिकॉट यांनी ऑस्ट्रेलियात १५० जणांचा, अनेक केंद्रांवरचा अभ्यास उभा केला, वर सांगितलेल्या उजव्या कानामागच्या भागावर. ज्या माणसाला स्वतःचा पहिला निकाल आशादायक मिळाला, तो विकायला न निघता मोठी परीक्षा घ्यायला निघाला. या कामाबद्दल मला आदर वाटतो तो त्यामुळे. औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने नैराश्यासाठी टीएमएसला २००८ साली मान्यता दिली, ओसीडीसाठी, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या आजारासाठी, २०१८ साली. ऑटिझमसाठी दिलेली नाही.

तुमच्या आईंचं म्हणणं की यात धोका काही नाही. बहुतेकांना खरंच फार त्रास होत नाही: डोकं दुखतं, टाळूवर टोचल्यासारखं होतं, टीडीसीएसने खाज आणि लाली येते. पण ऑटिस्टिक माणसांच्या बाबतीत दोन गोष्टी मी नेहमी वेगळ्या काढून विचारते. एक, फिट. टीएमएसने फिट येणं अगदी विरळ आहे, पण ऑटिझमसोबत अपस्माराचं प्रमाण इतर लोकांपेक्षा बरंच जास्त असतं. लहानपणी तापात आलेली फिटसुद्धा सांगा, चालू असलेली प्रत्येक गोळी सांगा, आणि आदल्या रात्री झोप झाली नसेल तर तेही सांगा. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असेल तर जवळही जायचं नाही. दुसरी गोष्ट, मेंदूवर परिणाम किती टिकतो याचा हिशेब तुमच्या बाबतीत वेगळा असू शकतो. बॉस्टनला लिंडसे ओबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवलं की थीटा बर्स्ट नावाच्या टीएमएसचा परिणाम ऑटिस्टिक प्रौढांमध्ये इतरांपेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. इतरांवर ठरवलेला डोस जसाच्या तसा तुम्हाला लावावा का, हा प्रश्न म्हणूनच मोकळा आहे.

आणखी एक धोका आहे, त्याबद्दल कोणी माहितीपत्रकात लिहीत नाही. जॉन एल्डर रॉबिसन हे अमेरिकेतले ऑटिस्टिक गृहस्थ २००८ साली बॉस्टनच्या टीएमएस प्रयोगात सहभागी झाले, वयाच्या पन्नाशीत. त्यांनी स्वतः लिहिलंय की त्यानंतर लोकांच्या भावना त्यांच्यावर अक्षरशः कोसळल्या. संगीत नव्याने ऐकू आलं. पण ज्या जुन्या आठवणी त्यांना मजेच्या वाटत होत्या, त्यांत लोक आपली टिंगल करत होते हेही उमगलं. बायकोचं नैराश्य पूर्वी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, ते पोचायला लागलं, आणि तो संसार टिकला नाही. एका माणसाचा अनुभव आहे, सगळ्यांना असं होतं असं नाही. उलट बहुतेकांना काहीच जाणवत नाही. पण समजा यश आलं, तर त्या यशासोबत काय काय दिसायला लागेल आणि तेव्हा माझ्याजवळ कोण असेल, हा प्रश्न सेशनच्या आधी विचारायचा असतो.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला बोचलं. 'माझ्यातला बिघाड दुरुस्त झाला तर सगळं सुरळीत होईल.' डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली मांडलं की गैरसमज दोन्हीकडून होतो: तुम्हाला ते कळत नाहीत, तसेच त्यांनाही तुम्ही कळत नाही. एडिनबराला कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी हे तपासलं. एकाने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्याने तिसऱ्याला, अशी माळ. २०२० साली निघालं की फक्त ऑटिस्टिक लोकांची माळ आणि फक्त इतरांची माळ सारख्याच चांगल्या चालल्या, मिश्र माळेत मात्र तपशील जास्त गळाले. २०२५ साली ३११ लोकांवर पुन्हा केलं, तेव्हा मिश्र माळेतही फरक सापडला नाही. तेव्हा मिश्र गटात अडतंच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण दोन्ही वेळा एक गोष्ट तशीच राहिली: ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कुठेही कमी पडली नाहीत. तुम्ही लोकांशी बोलण्यात 'बिघडलेले' आहात या समजुतीला या कामातून आधार मिळत नाही.

म्हणून खर्च करायचाच असेल तर मी कशावर करायला सांगेन? ऑटिस्टिक प्रौढांचा गट शोधा, जिथे बोलणं इथल्या खऱ्या प्रसंगांवर होतं. ऑफिसात एक माणूस निवडा, टीम लीड असेल तर उत्तम, आणि त्याला सांगा: "मला सूचना लेखी द्या, आणि माझं बोलणं खटकलं तर त्याच दिवशी एकट्यात सांगा." २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. माझ्या गटातल्या एका सभासदाच्या लीडने हे मनापासून केलं. रोज संध्याकाळी दोन मिनिटं. सहा महिन्यांत त्याच्यात जो फरक मी बघितला, तो कुठल्याही यंत्राने आणलेला मी अजून बघितलेला नाही.

तरी क्लिनिककडून पुन्हा फोन आला तर विचारा: हा उपचार आहे की अभ्यास? अभ्यास असेल तर आयसीएमआरच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा क्रमांक द्या. ही नोंदवही कोणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. एथिक्स कमिटीचं पत्र दाखवा. खोटा गट आहे का? सेशनच्या वेळी आणि नंतर मी काय शिकणार, कोण शिकवणार? अभ्यासातल्या सेशनचे पैसे सहभागी माणसाकडून घ्यायचे नसतात. पैसेही घेतले जाताहेत आणि 'संशोधन चालू आहे' असंही सांगितलं जातंय, तर तिथून उठा. स्टेम सेलच्या नावाखाली आपल्याकडच्या किती आईबापांनी दागिने मोडले ते मी समोर बसून ऐकलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने ऑटिझमसाठी ते देऊ नये असं म्हटलं, पण ते म्हणायला २०२२ साल उजाडलं, तोवर बरेच पैसे गेलेले होते. आईंना हे सांगताना त्यांच्यावर रागावू नका. त्या तुमच्यासाठीच धडपडताहेत.

आता नैराश्य. तुम्ही सहज लिहून गेलात की रविवारी अंथरुणातून उठवत नाही आणि कोडी सोडवणंही सुटलंय. मला सामाजिक अडचणीपेक्षा याची काळजी जास्त वाटते. ऑटिस्टिक प्रौढांत दर तिघांतल्या एकाहून अधिक जणांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि ते बऱ्याचदा 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून निसटतं. कृपया या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. मरणाचे विचार येत असतील तर आठवडाही थांबू नका, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशन, लागलं तर औषध, आणि औषधांनी भागलं नाही तर टीएमएस हा तिथे खरा, मान्यताप्राप्त पर्याय आहे.

त्या वाटेने टीएमएसपर्यंत आलात, तर पहिल्या दिवशी सेशन घेऊ नका, नुसते येऊन बसा. गटातल्या एका बाईंना मी नैराश्यासाठी टीएमएस दिली होती. तिसऱ्या टिकटिकीला त्यांनी कॉइल हाताने दूर सारली. आवाजाचा त्रास होतोय असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही हो, तो कधी येणार ते कळत नाही." मग तंत्रज्ञाने पडद्यावरचं काउंटडाऊन त्यांच्याकडे वळवलं, प्रत्येक फेरीआधी "तीन, दोन, एक" म्हणायला लागला, आणि त्यांनी स्वतःचे इअरप्लग घालून वर हेडफोन चढवला. उरलेली सगळी सेशन त्यांनी पूर्ण केली. तुम्हीही आधीच सांगून ठेवा: पडदा माझ्याकडे हवा, मोजून सुरू करा, कॉइलची जागा आखायची टोपी रोज तीच हवी, आणि मी हात वर केला की थांबायचं.